वाचकांचे प्रश्न : आकडा आला, पण कधीचा?

प्रश्न : ईएसपी३२ या वाय-फाय असलेल्या छोट्या नियंत्रक बोर्डाला डीएस१८बी२० जातीचे दोन तापमान सेन्सर जोडून शीतकपाटातलं तापमान दर मिनिटाला एमक्यूटीटी या संदेश पोहोचवण्याच्या पद्धतीने क्लाउडवर पाठवतो. अधूनमधून आलेखात एकदम ८५ अंशांचा सुळका उभा राहतो. शिवाय मागे एकदा दिवसभर डॅशबोर्डवर ५.१ दिसत होतं आणि नंतर कळलं की बोर्डाची वीजच गेली होती. सेन्सर बदलू का?

उत्तर : बदलू नका, सेन्सर खरं तेच सांगतोय. डीएस१८बी२०ला वीज मिळते तेव्हा त्याच्या स्मृतीत ८५ अंश हा आकडा आधीच भरलेला असतो. ‘मी अजून काही मोजलेलं नाही’ एवढाच त्याचा अर्थ. बारा बिटांवर, म्हणजे सर्वांत बारीक मापावर, एका मोजणीला तो ७५० मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेतो. वीज आल्यावर पहिल्या मोजणीसाठी तेवढं न थांबता वाचलंत, किंवा मोजणी चालू असताना त्याचा पुरवठा क्षणभर खचला, की हाती ८५ येतो. तुमच्याकडे सुळका अधूनमधूनच येतो, म्हणून माझा संशय पुरवठ्यावर आहे. वाय-फायवर प्रसारण करताना ईएसपी३२ क्षणभर काहीशे मिलिअँपिअर ओढतो आणि बारीक, लांब वायरीवरच्या सेन्सरला नेमकी तेव्हाच वीज कमी पडते. सेन्सरच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा आणि बोर्डाजवळ काहीशे मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. डेटा वायरीवर ४.७ किलोओहमचा पुलअप (वायरीला पुरवठ्याकडे ओढून धरणारा रेझिस्टर) आहे ना, तेही बघा. आधी मोजणी पूर्ण, मग प्रसारण, असा क्रम लावा. वायर सुटली तर नेहमीची लायब्ररी उणे १२७ देते. तेही तापमान नव्हे.

असे आकडे गाळा, पण गपचूप गाळू नका. किती गाळले त्याची मोजदाद एका वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि तेही क्लाउडवर पाठवा. रोज दोन गाळले जात असताना एखाद्या आठवड्यात चाळीस झाले, तर जोड सैल होतोय हे सेन्सर बंद पडायच्या आधीच कळतं.

आता तुमचा दुसरा मुद्दा. मला तो पहिल्यापेक्षा कितीतरी गंभीर वाटतो. डॅशबोर्डवर दिसतो तो शेवटचा पोहोचलेला आकडा. तो आत्ताचा आहे असं डॅशबोर्डने कधी म्हटलेलंच नसतं, आपण तसं धरून चालतो. एमक्यूटीटी १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि अर्लेन निपर यांनी तेलवाहिन्यांवर लक्ष ठेवण्यासाठी, उपग्रहाच्या जोडणीवर चालावा म्हणून तयार केला. जोडणी तुटणारच हे त्यात गृहीत आहे आणि त्यावर ‘लास्ट विल’ ही सोय आहे. शब्दशः मृत्युपत्रच. जोडणी करतानाच बोर्ड ब्रोकरला, म्हणजे संदेश घेऊन पुढे वाटणाऱ्या सर्व्हरला, सांगून ठेवतो, ‘मी निरोप न घेता गेलो, तर माझ्या नावाने हा संदेश लाव.’ कीप-अलाइव्ह, म्हणजे ‘मी आहे’ असं बोर्डाने कळवत राहण्याचा अवधी, ६० सेकंद ठेवलात, तर त्याच्या दीडपट म्हणजे ९० सेकंद काहीच ऐकू आलं नाही की ब्रोकर तो संदेश लावतो. ‘बंद’ हा मजकूर लास्ट विल म्हणून रिटेन्ड, म्हणजे ब्रोकरकडे टिकून राहणारा, ठेवा, आणि जोडणी होताच त्याच टॉपिकवर (संदेशाच्या पत्त्यावर) ‘चालू’ असा रिटेन्ड संदेश पाठवा. वीज गेल्याचं दीड मिनिटात कळेल.

पण एवढ्यावर थांबू नका, कारण मी थांबले होते. पूर्वी एका शीतगृहाच्या यंत्रणेचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. लास्ट विल होतं, डॅशबोर्डवर हिरवा दिवा होता. एका रात्री एका कप्प्याचा आलेख ४.३१ वर गेला आणि तिथेच राहिला. बोर्ड चालू, जोडणी चालू, दर मिनिटाला संदेश येतोय. सकाळपाळीच्या ऑपरेटरने बघताक्षणी विचारलं, ‘ही रेषा इस्त्री केल्यासारखी का?’ आम्ही कुणी अकरा तास तो प्रश्न विचारला नव्हता. खरं तापमान असं कधी झोपत नाही. कॉम्प्रेसर सुरू होतो, बंद होतो, आणि त्याबरोबर आलेखाला करवतीसारखे दाते पडतात. वारा जरा हलला तरी या सेन्सरची शेवटची पायरी, म्हणजे ०.०६२५ अंश, वरखाली होत राहते.

झालं होतं असं. सेन्सरची वायर सुटली होती. माझं वाचणारं फंक्शन चूक आली की मुकाट परत फिरायचं आणि ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमला दिसणाऱ्या, व्हेरिएबलला हात लावायचं नाही. पाठवणारं फंक्शन इमानाने तेच जुनं ४.३१ पाठवत राहिलं. जोडणी जिवंत होती, मोजणी मेलेली होती. लास्ट विल फक्त जोडणीबद्दल बोलतं.

त्या दिवसापासून मी नुसता आकडा पाठवत नाही. प्रत्येक मोजणीबरोबर तीन गोष्टी जातात : मूल्य, मोजल्याची वेळ आणि दर्जा. दर्जा म्हणजे ठीक, सेन्सर सापडत नाही, किंवा मर्यादेबाहेर. वेळ मोजतानाच नोंदवायची. क्लाउडवर पोहोचल्याची वेळ वेगळी असते, आणि दोन तास नेट नसेल तर साठलेली सगळी मोजणी एकाच क्षणाची दिसते. बोर्डाचं घड्याळ एनटीपीने, म्हणजे नेटवरून वेळ आणून, लावून घ्या. ते लागेपर्यंत बोर्ड १९७० सालात असतो, म्हणून तोवर चालू झाल्यापासूनचे सेकंद लिहून ठेवा आणि घड्याळ लागल्यावर त्यांना खरी वेळ द्या. डॅशबोर्डवर आकड्याशेजारी ‘४० सेकंदांपूर्वी’ असं त्याचं वय दिसू द्या. वय पाच मिनिटांपलीकडे गेलं की आकडा राखाडी झाला पाहिजे, हिरवा दिवा काहीही म्हणो.

प्रश्न : पार्टिकल कंपनीच्या बोर्डावर क्लाउडसाठी व्हेरिएबल नोंदवलं आहे. विचारलं की मूल्य येतं, पण मागचा इतिहास कुठेच दिसत नाही. आर्दुइनो क्लाउड वापरणाऱ्या मैत्रिणीला मात्र आपोआप आलेख मिळतो. माझं काय चुकतंय?

उत्तर : काही चुकत नाही. ‘व्हेरिएबल’ हा एकच शब्द दोन्हीकडे वेगळ्या अर्थाने वापरला जातो. पार्टिकलवर नोंदवलेलं व्हेरिएबल म्हणजे दाराला ठेवलेली फट. कुणी डोकावलं तर त्या क्षणाचं मूल्य दिसतं, नाही डोकावलं तर बोर्ड स्वतःहून काही पाठवत नाही. इतिहास हवा असेल तर ‘पब्लिश’ वापरून घटना पाठवा आणि ती साठवणारी सेवा पलीकडे जोडा. आर्दुइनो क्लाउडवर व्हेरिएबल समक्रमित होतं, बदललं की किंवा ठरावीक काळाने, तुम्ही निवडाल तसं. ते काम लूपमधल्या, म्हणजे बोर्ड सतत पुन्हा पुन्हा चालवतो त्या भागातल्या, ‘अपडेट’च्या ओळीवर चालतं. मैत्रिणीला सांगा, त्याच लूपमध्ये दहा सेकंदांचा ‘डिले’ घातला तर क्लाउडचं कामही दहा सेकंद खोळंबतं. ‘मिलिस’ या चालू झाल्यापासूनचे मिलिसेकंद सांगणाऱ्या फंक्शनने वेळ मोजून काम करावं.

एक जपा. पार्टिकलवर नोंदवलेलं व्हेरिएबल ग्लोबल हवं. सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या ‘सेटअप’च्या आत जाहीर केलेलं स्थानिक व्हेरिएबल सेटअप संपताच नाहीसं होतं आणि क्लाउड स्मृतीच्या त्याच जागेतला कचरा वाचत बसतो. अशा वेळी आलेला आकडा कधी कधी अगदी खराही वाटतो, म्हणून ही चूक सापडायला फार वेळ लागतो.

प्रश्न : एकच प्रोग्रॅम दोन बोर्डांवर घातला. एकेकटा बोर्ड उत्तम चालतो. दोन्ही लावले की दर काही सेकंदांनी दोघांचीही जोडणी तुटते.

उत्तर : दोघांचा क्लायंट आयडी, म्हणजे एमक्यूटीटीच्या ब्रोकरला सांगितलेलं नाव, एकच आहे. त्याच आयडीचा नवा आला की ब्रोकरने जुन्याला बाहेर काढायचं, हा नियमच आहे. बाहेर पडलेला पुन्हा जोडतो, मग दुसरा बाहेर. आयडीत बोर्डाचा मॅक पत्ता, म्हणजे प्रत्येक बोर्डाचा वेगळा असलेला क्रमांक, जोडा.

प्रश्न : मातीतल्या ओलाव्याचा ॲनालॉग सेन्सर ईएसपी३२च्या पिन २५ला लावला आहे. वाय-फाय सुरू होईपर्यंत आकडे नीट, नंतर निरर्थक. टक्के काढायचं सूत्र चुकलं असेल का?

उत्तर : सूत्र तपासण्यात संध्याकाळ घालवू नका. पिन २५ दुसऱ्या एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागावर) आहे आणि वाय-फाय चालू असताना त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही, रेडिओलाही तो लागतो. वायर ३२ ते ३९ यांपैकी एखाद्या पिनवर हलवा, त्या पहिल्या एडीसीच्या आहेत. त्यांतल्या ३४ ते ३९ फक्त इनपुटच्या, सेन्सरला तेवढंच हवं.

टक्क्यांबरोबर ० ते ४०९५ मधला कच्चा आकडाही क्लाउडवर ठेवा. कोरडी माती आणि भिजलेली माती यांचे तुमचे आजचे आकडे महिन्याभराने बदलतील. कच्ची नोंद असेल तर जुना सगळा आलेख नव्या सूत्राने पुन्हा काढता येतो. नुसते टक्के ठेवले असतील तर ते गेलं. आणि माती इतक्या भरभर बदलत नाही. थिंगस्पीक या क्लाउड सेवेचं मोफत खातं दर १५ सेकंदांना एक नोंद घेतं, म्हणून तितक्यांदा पाठवायलाच हवं असं नाही. मोजा दर मिनिटाला, पाठवा ठरावीक फरक पडला तर, आणि काहीच फरक नसेल तरी पंधरा मिनिटांतून एकदा. हा शेवटचा नियम काढून टाकू नका. तो काढलात तर ‘बदल नाही’ आणि ‘बोर्ड बंद’ यांत फरक कळणार नाही.

प्रश्न : टाकीचा पंप मी फोनवरून, एमक्यूटीटीच्या संदेशाने चालू-बंद करते. मध्यरात्री वीज जाऊन आली आणि पंप आपोआप सुरू झाला. सकाळपर्यंत पाणी वाहत होतं. कुणी हॅक केलं असेल का?

उत्तर : पंप तुमच्याच संदेशाने सुरू झाला, अशी माझी जवळपास खात्री आहे. ‘पंप चालू’ हा संदेश पाठवताना रिटेन्डची खूण लावली असणार. तो ब्रोकरकडे टिकून राहतो. संध्याकाळी पंप तुम्ही फोनवरून बंद केलात की टाकी भरल्यावर बोर्डाने स्वतः केला? बोर्डाने केला असेल तर ब्रोकरकडचा ‘चालू’ तसाच पडून होता. वीज आली, बोर्डाने टॉपिक घेतला आणि पहिलाच निरोप तो मिळाला.

स्थिती सांगणारा संदेश रिटेन्ड असावा, हुकूम कधीही नसावा. एमक्यूटीटीच्या पाचव्या आवृत्तीत संदेशाला मुदत लावता येते, हुकमाला ती लावाच. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पंप किती वेळ चालायचा याची कमाल मर्यादा बोर्डातच ठेवा, आणि टाकी भरल्याचा तरंगता स्विच पंपाच्या रिलेच्या वायरीत घाला. क्लाउड, फोन, नेट सगळं एकदम बावचळलं तरी पाणी वाहता कामा नये.

तरी तुमची शंका अनाठायी नाही. ब्रोकर सार्वजनिक चाचणीसाठीचा असेल, तर तुमचा टॉपिक जगात कुणीही वाचू शकतो आणि त्यावर ‘चालू’ लिहूही शकतो. २०१६ मध्ये मिराय या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून असंख्य कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. पासवर्ड असलेला ब्रोकर घ्या, १८८३ ऐवजी ८८८३ या टीएलएसच्या, म्हणजे मजकूर सांकेतिक करून पाठवणाऱ्या जोडणीच्या, पोर्टवर जोडा आणि प्रत्येक बोर्डाला त्याच्यापुरतीच परवानगी द्या. ब्रोकरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट तपासायला बोर्डाचं घड्याळ बरोबर लागतं. वर म्हटलेलं एनटीपी आधी, टीएलएसची जोडणी नंतर.

हे सगळं केल्यावर रिलेवरून पंपाची वायर सोडवा, बोर्डाची वीज दहा वेळा काढून घाला आणि रिलेचा ‘टक्’ आवाज येतो का ते कान देऊन ऐका. एकदाही यायला नको.