चित्र नेमकं कुठं अडखळतंय?

माळ्यावरची ट्रंक उघडली की लग्नाच्या जुन्या कॅसेट हाती लागतात. त्या संगणकावर घ्यायला बसलं की चित्र हिसके देऊ लागतं. या वेळचे सगळे प्रश्न त्याबद्दलचेच आहेत.

व्हीसीआर टीव्हीला जोडला तर कॅसेट छान चालते. यूएसबीच्या कॅप्चर डबीतून लॅपटॉपवर घेतली की सतत बारीक हिसके बसतात. ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो. नवा लॅपटॉप घ्यावा का? (परभणी)

लॅपटॉपवर इतक्यात पैसे घालू नका. हिसके एकाच तालात बसत असतील तर दोष बहुतेक सेटिंगचा असतो. आपल्याकडच्या कॅसेट पाल पद्धतीच्या, म्हणजे सेकंदाला २५ चित्रं. ओबीएस मात्र सुरुवातीला ३० वर असतं. मग दर सेकंदाला ५ चित्रं दोनदा घेऊन भरती केली जाते आणि सरळ चालणारा माणूसही ठेचकाळत चालल्यासारखा दिसतो. सेटिंगमधल्या व्हिडिओ विभागात २५ पाल किंवा ५० पाल निवडा. कॅप्चर डबीच्या गुणधर्मांतही पाल-बी आणि ७२० बाय ५७६ आहे ना, ते बघून घ्या. तिथं एनटीएससी, म्हणजे अमेरिका-जपानकडची पद्धत, राहून गेलेली मी कितीदा तरी पाहिलीय.

हिसका बेताल आणि मोठा असेल, दोन मिनिटं नीट आणि मग एकदम धक्का, तर हार्ड डिस्कवर संशय घ्या. अजिबात न दाबलेला व्हिडिओ सेकंदाला सुमारे २० एमबी जागा खातो, म्हणजे तासाला जवळपास ७५ जीबी. तेवढ्यात अँटिव्हायरसनं तपासणी सुरू केली की जुनी डिस्क मागं पडते आणि मधली चित्रं गळतात. कॅप्चर चालू असताना इंटरनेट तोडा, चार्जर लावून ठेवा, डबी हबमध्ये न खोचता थेट लॅपटॉपला लावा. लाइटीचा भरवसा नसेल तर व्हीसीआरही यूपीएसवर घ्या.

थोरल्या बहिणीचं लग्न १९९२ ला गावातल्या आमच्या वाड्यात झालं. पुढच्या वर्षी भूकंपात वाडा गेला. आता ही कॅसेट तेवढी उरलीय. वरातीच्या भागात चित्र उडतं. संगणकावर तर तिथं काही सेकंद थिजतं आणि पुढं आवाज चित्राशी जुळत नाही. चार वेळा घेऊन बघितली. (औसा तालुका)

आधी हात थांबवा. पाचव्यांदा चालवू नका. प्रत्येक खेपेला फीत थोडी झिजते, आणि तुमच्याकडे दुसरी प्रत नाही.

तिथं काय होतंय ते सांगतो. व्हीसीआरमधला, फीत वाचणाऱ्या हेडचा गोल ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेतो, दर फेऱ्याला एक चित्र. उन्हाळ्यांत तापून फीत थोडी ताणली किंवा कडेला वळली की चित्राच्या ओळी वेळेवर येत नाहीत, मागंपुढं होतात. जुना काचेचा टीव्ही हे सांभाळून घेतो. कॅप्चर डबीला ते जमत नाही, ती असं चित्र टाकून देते. चित्र थिजतं, आवाज मात्र पुढं चालत राहतो. तुमचा संगणक चांगलाच आहे.

आता हे क्रमानं करा. कॅसेटच्या बाजूचं बारीक बटण दाबून पुढची झडप उचला आणि फीत उजेडात बघा. पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. मग कॅसेट कुठल्याच व्हीसीआरमध्ये घालू नका, जाणकाराकडे न्या. फीत स्वच्छ असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढं आणि परत मागं गुंडाळून घ्या, म्हणजे ताण सारखा होतो.

मग हेड. प्लग काढा, झाकण उघडा. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला मऊ चामड्याचा तुकडा ड्रमला हलकेच टेकवून धरा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं ड्रम वरच्या बाजूनं फिरवा. तुकडा हलवायचा नाही. वर-खाली घासलंत तर हेड तुटेल. कापूस तर नकोच, त्याचा धागा हेडला अडकतो. पूर्ण वाळू द्या. आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट चालवून बघा, मगच ही घाला आणि ट्रॅकिंगचं बटण सावकाश फिरवा.

एवढ्यानंही वरात थिजली तर व्हीसीआर आणि डबीच्या मध्ये टाइम बेस करेक्टर लागेल. ते यंत्र वेड्यावाकड्या ओळी सरळ करून पुढं पाठवतं. वरच्या दर्जाच्या काही एस-व्हीएचएस व्हीसीआरमध्ये ते आतच असतं. जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नेला तर काही मॉडेल बरंच काम भागवतात. गावातल्या शूटिंगवाल्याकडे असा रेकॉर्डर धूळ खात पडला असेल, विचारून बघा. नंतर फक्त वरातीचा भाग दोनदा घ्या आणि ज्या खेपेला जो तुकडा चांगला आला तो जोडा. नवरा-नवरीच्या मागं कुठंतरी माळवद दिसत असेल, दगडी चौकट दिसत असेल. फ्रेमच्या कडा कापू नका.

मिनीडीव्ही कॅमेरा यूएसबीनं जोडला. चित्र लहान आणि तुटक येतं. (नांदेड)

बऱ्याच मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत यूएसबी फोटोंपुरती किंवा वेबकॅमपुरती दिलेली असते. फीत घ्यायची ती फायरवायर नावाच्या वेगळ्या जोडणीनं, सोनीच्या कॅमेऱ्यावर तिथं आयलिंक लिहिलेलं असतं. संगणकात फायरवायर कार्ड हवं. बाजारात फायरवायर-ते-यूएसबी म्हणून मिळणाऱ्या स्वस्त वायरी घेऊ नका, त्यांनी हे काम होत नाही. तासाला १३ जीबी जागा मोकळी ठेवा.

अक्षता टाकणारे हात हलले की कडेला कंगव्यासारख्या रेघा येतात. काही फायलींत हात पुढं-मागं थरथरतो. (जालना)

जुना व्हिडिओ एका चित्रात दोन अर्ध्या चित्रांचा असतो, एकाआड एक ओळींचा. रेघा त्यामुळं येतात, तो दोष नव्हे. या रेघा घालवणाऱ्या डीइंटरलेस सेटिंगमध्ये याडिफ टू-एक्स निवडा आणि ५० चित्रं ठेवा. थरथर असेल तर अर्ध्या चित्रांचा क्रम उलटा लागलाय. वरची ओळ आधी असेल तर खालची आधी करून बघा. मिनीडीव्हीत खालचीच आधी असते.

फाइल संगणकावर नीट चालते, पेनड्राइव्हवरून टीव्हीवर अडकते. (बीड)

अडकते ती वेळ लिहून ठेवा आणि पुन्हा लावा. दर वेळी वेगळ्या ठिकाणी अडकत असेल तर फाइल बरोबर आहे, टीव्हीला ती झेपत नाही. एच.२६४ या व्हिडिओ दाबायच्या पद्धतीत लहान प्रत काढून तीच पेनड्राइव्हवर द्या. मूळ मोठी फाइल मात्र दोन वेगळ्या डिस्कवर जपा.