बाथमध्ये घर बांधताना गॅस की हीट पंप?

प्रश्न: इंग्लंडमध्ये बाथ इथे १२० चौरस मीटरचं नवं घर बांधायचं आहे. कौन्सिलच्या ऊर्जेच्या अटींत गॅस बॉयलर बसेल का?

उत्तर: हिशेबात बसत नाही. बाथ अँड नॉर्थ ईस्ट सॉमरसेट कौन्सिलच्या जानेवारी २०२३ च्या धोरणानुसार दर चौरस मीटरला वर्षाकाठी घर तापवण्याची गरज ३० युनिटांच्या (किलोवॉट-तासांच्या) आत आणि एकूण वापर ४० च्या आत हवा. शिवाय तेवढी ऊर्जा जागेवरच निर्माण व्हायला हवी. म्हणजे तुमची मर्यादा ४,८०० युनिट. तापवायला ३,६०० युनिट उष्णता लागली, तर ९० टक्के कार्यक्षम बॉयलर तेवढ्यासाठीच ४,००० युनिट गॅस खातो. उरलेल्या ८०० मध्ये गरम पाणी, स्वयंपाक, दिवे भागणार नाहीत. हीट पंप म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या जोरावर घरात खेचून आणणारं यंत्र; तो तीच उष्णता साधारण १,२०० युनिट विजेत देतो.

सोलरचं छताशी पक्कं नातं आहे. दक्षिण उतारावर एका किलोवॉटमागे वर्षाला सुमारे ९०० युनिट मिळतात, म्हणजे ४,८०० युनिटांसाठी ४२५ वॉटची १३ पॅनेलं लागतील. माळ्यावरच्या खोलीसाठी उतारातून बाहेर येणारी खिडकी काढली की जागा तुटते, वर सावलीही पडते. म्हणून आर्किटेक्टकडून आधी छत ठरवून घ्या, दर्शनी भाग नंतर.