टर्बो बदलावा, इंजिन उघडावे की गाडी विकावी?

प्रश्न : मी इंदूरच्या लोकमान्य नगरात राहतो. माझ्याकडे २०१७ ची १.८ लिटरची टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारे यंत्र) असलेली पेट्रोल सेडान आहे. गेल्या वर्षी मी तिच्यात मोठा टर्बो, कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) नसलेला डाउनपाइप म्हणजे टर्बोमागची धुराची नळी, इंजिनातून निघणाऱ्या वाफेतले ऑइल अडवणारा कॅच कॅन आणि ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) रिमॅपिंग असे २,१०,००० रुपयांचे काम करून घेतले. चार महिन्यांपासून गाडी निळा धूर सोडते. सिग्नलला दोन मिनिटे उभी राहून निघाली की धूर येतो आणि ओंकारेश्वरला जाताना सिमरोलचा घाट उतरून ॲक्सिलरेटर दाबला की मोठा लोट येतो, पण सकाळी सुरू करताना मात्र येत नाही. १,२०० किलोमीटरला एक लिटर ऑइल लागते. ज्यांनी काम केले ते म्हणतात टर्बो गेला, नवा १,३५,००० रुपयांना बसेल. दुसरा मेकॅनिक म्हणतो पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्या, इंजिन पूर्ण करायला ३,२०,००० रुपये लागतील. मेव्हण्याच्या मते जाड ऑइल घालून गाडी विकून टाकावी आणि नवी घ्यावी. घरी हाती येणारा पगार ९२,००० रुपये, घराचा हप्ता २७,००० आणि एसआयपी १२,००० आहे; हप्ता धरून महिन्याचा खर्च ६५,००० होतो. संकटकाळासाठी २,४०,००० रुपये बँकेत आहेत. बँक तीन वर्षांसाठी १४ टक्क्यांनी ३,००,००० रुपये द्यायला तयार आहे. एसआयपी थांबवून इंजिनाचे काम करून घ्यावे असे मनात आहे. (मूळ टर्बो आणि मूळ डाउनपाइप घरी माळ्यावर पडून आहेत; टर्बो काढला तेव्हा चांगला चालत होता.) ठीक अवस्थेत गाडीचे ५,५०,००० आणि या अवस्थेत ३,२५,००० रुपये येतील. आपला सल्ला हवा.

उत्तर : आर्थिक सल्ल्याच्या व्यवसायात येण्यापूर्वी मी काही वर्षे पीथमपूरच्या एका कारखान्यात इंजिनांचे सुटे भाग तपासण्याचे काम केले आहे, त्यामुळे आपले पत्र मी दोनदा वाचले, एकदा हिशेबासाठी आणि एकदा धुरासाठी. दोन्ही वाचनांत माझे मत एकच झाले : आपण तीन लाखांच्या निर्णयापाशी येऊन पोहोचला आहात, पण तो निर्णय ज्यावर अवलंबून आहे ती तपासणी अजून कोणीही केलेली नाही. एकाने टर्बो म्हटले, दुसऱ्याने रिंगा म्हटल्या, आणि आपल्या पत्रात कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते त्याचा, एकही आकडा नाही.

प्रथम घाईविषयी. आपण महिन्याला सुमारे १,००० किलोमीटर गाडी चालवत असाल आणि ऑइल ९०० रुपये लिटर धरले, तर आज हा दोष आपल्याला महिन्याला ७५० रुपयांना पडतो. कर्जाचा हप्ता १०,२५३ रुपये येईल. दर आठवड्याला डिपस्टिक पाहून पातळी राखली आणि जोरात पळवण्याचा मोह टाळला, तर दोन-तीन आठवडे नीट तपासणीसाठी घेण्याने आपले फारसे काही बिघडत नाही. पातळी मात्र खाली जाऊ देऊ नका, कारण ऑइलअभावी बेअरिंग गेले तर मग खरोखरच इंजिन उघडावे लागेल. त्याचप्रमाणे ती वरच्या खुणेच्या पुढेही भरू नका. जास्त भरलेले ऑइलसुद्धा धूर काढते, आणि सतत वरून घालणाऱ्या गाड्यांत ही चूक नेहमी सापडते.

आता धुराविषयी, कारण पैशाचा प्रश्न इथेच सुटतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, एवढेच त्यातून निश्चित कळते. ते कोठून येते हे धूर केव्हा येतो यावरून अंदाजाने सांगता येते. रिंगा झिजल्या किंवा पिस्टनची रिंग बसण्याची कड तुटली, तर धूर साधारणतः जोर लावताना, चढावर येतो. आपण घाट चढताना धूर येतो असे कोठेही लिहिलेले नाही, उतरल्यावर येतो असे लिहिले आहे. उतारावर ॲक्सिलरेटर सोडलेला असताना इनटेकमध्ये (इंजिनात हवा घेणाऱ्या वाटेत) निर्वात वाढतो आणि व्हॉल्व्हच्या सीलमधून ऑइल आत ओढले जाते, त्यामुळे पुन्हा पाय दाबताच लोट निघतो. सील गेले असतील तर रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीने सकाळीही धूर सोडायला हवा, तो आपली गाडी सोडत नाही. उलट उभी राहून किंवा उतरून निघताना येणारा धूर टर्बोलाही तितकाच जुळतो, कारण त्या वेळी एक्झॉस्टचा दाब कमी असतो आणि टर्बाइनच्या बाजूने ऑइल झिरपते. म्हणजे लक्षणे टर्बोकडे झुकतात आणि रिंगांकडे सर्वांत कमी झुकतात. पण झुकतात, एवढेच. आणि टर्बोकडे झुकतात म्हणजे टर्बोच बिघडला, असेही नव्हे.

टर्बोमधले ऑइल दाबाने आत येते, परंतु बाहेर पडते ते केवळ गुरुत्वाकर्षणाने, एका जाड नळीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते तिथे. ही नळी कोठे वाकली, तिच्या जोडावर लावलेली सीलंटची पेस्ट आत पिळली जाऊन वाट अरुंद झाली, किंवा चेंबरमध्येच हवेचा दाब वाढला, तर ऑइल तुंबते आणि टर्बोच्या सीलमधून दोन्ही बाजूंना वाट काढते. आपण कॅच कॅन बसवला आहे. त्याच्या नळ्या चुकीच्या ठिकाणी जोडल्या गेल्या, मूळ व्यवस्थेतला एकमार्गी व्हॉल्व्ह काढून टाकला गेला, किंवा नळ्या बारीक घेतल्या, तर इंजिनाला श्वास सोडता येत नाही आणि चेंबरचा दाब वाढतोच. अशा गाडीत १,३५,००० रुपयांचा नवा टर्बो बसवला, तर तोही धूर सोडील. ज्यांनी हे काम केले त्यांनीच निदानही केले आहे. त्यांच्या हेतूवर मी संशय घेत नाही, पण स्वतःच्या जोडणीतला दोष शोधण्यापेक्षा नवा भाग सुचवणे कोणालाही सोपे जाते.

म्हणून तपासणीचा क्रम खर्चाच्या क्रमाने लावा. आधी टर्बोची परतीची नळी काढून पाहावी आणि कॅच कॅन बाजूला करून मूळ नळ्या व व्हॉल्व्ह परत जोडावेत. इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) नळीत ऑइल किती साचले आहे ते पाहून सर्व पुसून घ्यावे, नाहीतर दोष दूर झाल्यावरही तेच उरलेले ऑइल जळत राहील आणि आपली दिशाभूल होईल. एअर फिल्टर तुंबलेला नाही हेही त्याच वेळी पाहावे. त्यानंतर चारही प्लग काढून क्रमाने मांडून ठेवावेत. एकच प्लग ओला असेल तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे, चारही सारखेच असतील तर तो सिलिंडरच्या अलीकडे, हवेच्या वाटेत कोठेतरी आहे. मग कॉम्प्रेशन मोजावे. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक खाली असेल तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा वर आला तर रिंगा, न आला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट, असा ढोबळ नियम आहे. लीक-डाउन चाचणीत सिलिंडरमध्ये हवा भरून ती कोठून निसटते ते ऐकतात, आणि ऑइल भरण्याच्या झाकणातून फुत्कार आला तर रिंगांवरचा आरोप खरा. या सर्वाला काही हजार रुपये लागतील. व्हॉल्व्हचे सील मात्र या चाचण्यांत सापडत नाहीत, बाकीचे निर्दोष ठरल्यावर त्यांच्यावर येता येते. सिलिंडरमध्ये हवा भरून हेड न उतरवता ते बदलण्याची सोय पुष्कळ इंजिनांत असते, त्यामुळे ते निघाले तरी खर्च तीन लाखांच्या आसपासही जात नाही.

आता आकडे. आपण स्वतःच पत्राच्या शेवटी लिहिले आहे की ठीक अवस्थेत गाडीचे ५,५०,००० आणि या अवस्थेत ३,२५,००० रुपये येतील. दुरुस्तीने मूल्यात पडणारी भर २,२५,००० रुपयांची आहे. इंजिनाचे काम ३,२०,००० आणि त्यावर कर्जाचे व्याज सुमारे ६९,००० धरले तर आपण ३,८९,००० रुपये घालून २,२५,००० मिळवता, आणि शिवाय तीन वर्षांची ४,३२,००० रुपयांची एसआयपी थांबवता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. मॉडिफिकेशनवर गेलेले २,१०,००० रुपये या बेरजेत मी घेतलेले नाहीत, आपणही घेऊ नयेत. ते गेले, आणि पुढचा कोणताही खर्च त्यांना परत आणणार नाही. नवी गाडी हाही आजचा उपाय नाही. ९,००,००० रुपयांचे कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १४,७१० रुपये येईल, घराच्या हप्त्यासह पगाराचा ४५ टक्के भाग हप्त्यांतच जाईल आणि व्याजाचे ३,३५,००० रुपये वेगळे.

मेव्हण्यांचा सल्ला मात्र मी सरळ बाजूला ठेवतो. दोष ठाऊक असताना जाड ऑइल घालून तो झाकणे म्हणजे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७ मधली फसवणूक आहे, आणि घेणाऱ्याला तो व्यवहार रद्द करून मागता येतो. इंदूरचे आपले मराठी वर्तुळ किती लहान आहे हे मी आपल्याला सांगायला नको.

आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण कंसात घातले आहे : मूळ टर्बो आणि मूळ डाउनपाइप घरी माळ्यावर पडून आहेत. टर्बो काढला तेव्हा चांगला चालत होता, असेही आपण लिहिता. माझ्या मते उत्तर माळ्यावरच आहे. नळी आणि कॅच कॅनचे काम करून ५०० किलोमीटर गाडी चालवल्यावरही धूर राहिला आणि कॉम्प्रेशन समाधानकारक असले, तर नवा टर्बो विकत न घेता जुना टर्बो, जुना डाउनपाइप आणि कंपनीचे मूळ ईसीयू सॉफ्टवेअर परत बसवून घ्यावे. मजुरी आणि गॅस्केट एवढाच खर्च येईल, आणि काढलेले भाग विकून त्यातले काही परत मिळेल. रस्त्यावर वाढवलेल्या ताकदीचा आपल्याला उपयोग तो किती? पीथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा वेगमार्ग आहे खरा, पण आपली गाडी रोज पलासियाच्या गर्दीत उभी असते.

याला कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असे बदल करता येत नाहीत, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कन्व्हर्टरविना जळणाऱ्या ऑइलमुळे पीयूसीच्या चाचणीत हायड्रोकार्बनचा आकडा वाढतो. विमा कंपनीला हे बदल कळवलेले नसतील तर उद्या अपघाताच्या दाव्यातही अडचण येईल, आणि झीज किंवा यांत्रिक बिघाड तर साध्या विम्यात धरलेलाच नसतो.

पैसे कोठून आणावेत याचे उत्तर त्यामुळे सोपे होते. तपासणी आणि मूळ भाग बसवण्याचा खर्च एक-दोन महिन्यांच्या बचतीतून निघावा, फार तर एका महिन्याची एसआयपी वगळा. बँकेतल्या २,४०,००० रुपयांना हात लावू नका. घराचा हप्ता धरून आपला महिन्याचा खर्च ६५,००० आहे, म्हणजे ती रक्कम चार महिनेही पुरत नाही. वैयक्तिक कर्ज घेऊ नका.

रिंगा खरोखर गेल्या असतील तर माझे मत बदलते, आणि तेही इंजिन करून घेण्याकडे नव्हे. वाढवलेला बूस्ट (टर्बोने भरलेल्या हवेचा दाब) आणि रिमॅप ज्या ऑक्टेनसाठी लिहिला त्याहून कमी प्रतीचे पेट्रोल यांच्या संयोगाने नॉकिंग होऊन, म्हणजे सिलिंडरमधले पेट्रोल अवेळी भडकून, पिस्टनची कड तुटते. तसे निघाले तर मूळ भाग परत बसवा, चाचणीचा कागद दाखवून दोष सांगून गाडी मिळेल त्या किमतीला विका, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन नोंदणी बदलेपर्यंत पाठपुरावा करा, आणि आलेल्या पैशात कर्ज न काढता एखादी साधी, टर्बो नसलेली जुनी गाडी घ्या. एक-दोन वर्षे ती चालेल.

तपासणी करणाऱ्याकडून चारही सिलिंडरचे आकडे, कोरडे आणि ओले (ऑइल न सोडता आणि सोडून घेतलेले) दोन्ही, कागदावर तारीख आणि किलोमीटरसह लिहून घ्या. ती तपासणी टर्बो सुचवणाऱ्याकडेही नको आणि इंजिन सुचवणाऱ्याकडेही नको. ज्याला पुढचे काम मिळणार नाही अशा तिसऱ्याकडे करा आणि हे त्याला आधीच सांगा.