लिलावाच्या वेळेचं पाळणाघर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. बचतगटाच्या बैठकीत पाळणाघराचा विषय निघाला आणि तुझ्या सासूबाई पडवी नि मागची खोली द्यायला तयार झाल्या, हे वाचून इतकं बरं वाटलं की पत्र दोनदा वाचलं. भिंतींवर कोणती चित्रं काढू, असं विचारलं आहेस. चित्रांचं मागाहून बघू. आधी मला सांग, तुझं पाळणाघर उघडणार किती वाजता आणि बंद होणार किती वाजता?

हे आधी का विचारते, ते सांगते. हर्णैच्या बंदरावर दुपार कलली की मासळीचा लिलाव लागतो. मासे घेऊन पाटी डोक्यावर घेतलेली बाई घरी परतेपर्यंत दिवेलागण होऊन गेलेली असते. माझी अंगणवाडी मात्र दुपारीच बंद व्हायची. एकदा अशीच एक आई दारात येऊन म्हणाली, "बाई, संध्याकाळपर्यंत ठेवा ना याला." मी नियम सांगितला आणि कुलूप लावलं. दोन वर्षांचं ते पोर मग तिसरीतल्या बहिणीच्या कडेवर गेलं. आधी ती दुपारची शाळा बुडवायची, मग आठवड्यातले तीन-तीन दिवस, आणि चौथीनंतर शाळा सुटलीच. त्या मुलीचा चेहरा मला अजून दिसतो. तेव्हा मी आणखी चार तास थांबले असते, गावातल्या एखाद्या बाईला थांबवलं असतं, तर ती शिकली असती.

ही गोष्ट आपल्याच किनाऱ्यावर फार आधी कुणीतरी ओळखली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, तिला विकासवाडी म्हणत. धाकट्याला कडेवर घेऊन आलेली मुलगी त्याला पाळणाघरात ठेवून शेजारच्या वर्गात बसू शकायची. तुझ्या पडवीत मला तेच हवं आहे.

२ ऑक्टोबर १९७५ ला सरकारने एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि पुढे अंगणवाडी गावोगाव पोचली. तिचं मोल मी जन्मभर पाहिलं आहे. पण अंगणवाडीत येऊन बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं, तीही काही तास. तीन वर्षांच्या आतल्यांचा आहार घरी दिला जातो, सांभाळायला मात्र कुणी मिळत नाही. २०२२ पासून केंद्र सरकारच्या मिशन शक्तीखाली 'पाळणा' योजना आहे. त्यात सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलांसाठी अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवता येतं. पंचायत समितीत बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना जाऊन भेट आणि लेखी अर्ज दे.

लोक तुला म्हणतील, "आजी आहे की घरात." असते, पण कोकणातली आजीसुद्धा कामाची असते. ती शेतात असते, काजू गोळा करत असते, नाहीतर धाकट्या सुनेच्या बाळंतपणासाठी मुंबईला गेलेली असते. उलट ज्या आजीला घरी करमत नाही, तिलाच मदतनीस म्हणून घे. पगार मात्र दे. मायेने करते म्हणून फुकट राबवू नकोस.

आता पैशांचं. महिन्याची फी ठेवू नकोस, दिवसाची ठेव. काजू सोलणाऱ्या बाईला किलोवर पैसे मिळतात, पाटीवालीचं उत्पन्न लिलावावर असतं. एकरकमी हजार रुपये ती कुठून काढणार? आणि वर्षाचं गणित नीट समजून घे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत कोळीणीच्या हाती पैसा नसतो, म्हणून तिच्या मुलाचं नाव पटावरून कमी करू नकोस. पण त्याच दिवसांत भाताची लावणी येते. भर पावसात चिखलात वाकलेल्या बाईला बाळ बांधावर ठेवता येत नाही. म्हणजे तुझी खोली जूनमध्ये रिकामी होणार नाही, फक्त मुलांच्या आया बदलतील. आंब्याच्या दिवसांत तर पेट्या भरायला पहाटेच बोलावणं येतं.

समज, १२ मुलं, दिवसाला ४० रुपये, २५ दिवस: १२,००० रुपये. मुलामागे खाण्याचे रोज १५ धरले तर ४,५०० तिथेच गेले. उरलेले ७,५०० तू नि मदतनीस, तुम्हा दोघींत वाटले की एकीला दिवसाचे १५० पडतात. मजुरीला गेलीस तर याहून जास्त मिळतील. आईला परवडावं म्हणून तू उपाशी राहिलीस तर वर्षभरात पाळणाघर बंद पडेल, आणि ते मला नको आहे. तेव्हा तिसरा हात शोधायला हवा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. महिला सभेत उभी राहा आणि ते पैसे कशावर जातात ते विचार. मग काजूच्या कारखान्यांकडे जा. ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात पाळणाघर बंधनकारक झालं, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. आपल्याकडचे कारखाने बहुतेक वीस-पंचवीस बायांचे, म्हणून कायद्यातून सुटतात. तरी त्यांच्याशी बोल. टरफलाच्या तेलाने बायांचे हात सोलवटतात, तिथे रांगतं पोर नको, हे मालकालाही कळतं. दोन-तीन मालकांनी मिळून एका बाईचा पगार उचलला तरी तुझा जीव भांड्यात पडेल.

खाण्यात भपका नको. आटवल, नाचणीचं सत्त्व, मऊ भातावर वरण, कधी अंडं. झोपायच्या वेळेला झोळ्या बांध, पण आढ्याचा वासा नि दोरी स्वतः ओढून बघ.

तुझं घर जांभ्याचं आहे, भिंतीत सापटी असणारच. त्या सिमेंटने बुजवून घे. विंचवासाठी सांगते आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिनचा उपयोग दाखवून दिला, त्याआधी कोकणात यानेच किती लेकरं जायची. औषध आहे, पण वेळेत पोचायला हवं. चावल्यावर मंत्र-तंत्रात घटकाभरही न घालवता थेट आरोग्य केंद्र गाठायचं. रिक्षावाल्याचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिही. विहिरीला जाळी नसेल तर ती बसेपर्यंत एकही मूल घेऊ नकोस. यात मी ऐकून घेणार नाही.

येत्या महिला सभेच्या आत एक वही कर. घराघरांत जा, आईचं नाव, तिचं काम, ती निघते ती वेळ आणि परत येते ती वेळ लिहून आण. घरात लहान भावंड सांभाळणारी शाळकरी मुलगी असेल तर तिच्या नावापुढे खूण कर. त्या घरी आधी जायचं.

आमच्या माळ्यावर सागवानी पाळणा पडून आहे. कड्या गंजल्यात, त्या नव्या घालाव्या लागतील. रविवारी टेम्पो पाठव.

तुझी,
अंगणवाडीतली बाई