४ जीबी रॅमच्या लोड बॅलन्सरवर (आलेली कनेक्शनं मागच्या सर्व्हरना वाटून देणाऱ्या मशीनवर) एचएप्रॉक्सीचा कॅशे २ जीबी केला, आता रिलोड केलं की प्रोसेस मरते. कॅशे किती ठेवायचा?

भाऊ, तुमचा कॅशे, म्हणजे परत परत द्यायला एचएप्रॉक्सीनं रॅममध्ये ठेवलेला माल, रिलोडच्या वेळी डबल होतोय, आधी ते सांगतो मग आकड्याकडे येतो.

कॉन्फिगमध्ये टोटल-मॅक्स-साइज (कॅशेची एकूण साइज) २०४८ लिहिलं की तेवढे एमबी एचएप्रॉक्सी सुरू होतानाच कॅशेच्या नावाने धरून ठेवतो आणि त्यात १ केबीचे कप्पे पाडतो, मग आत माल असो की नसो. आता तुम्ही कॉन्फिग बदलून रिलोड मारला की नवी प्रोसेस स्वतःचा वेगळा, रिकामा कॅशे घेऊन उभी राहते, आणि जुनी प्रोसेस तिच्याकडची कनेक्शनं संपेपर्यंत जात नाही, तिचा कॅशे तिच्याजवळच. जुना सालदार पाडव्याला जायच्या आधीच नवा येऊन राहिला तर दोघांच्याही भाकरी थापाव्याच लागतात नं, तसं. २ अन् २ झाले ४, मशीनच ४ ची, मग ओओएम किलर (रॅम संपली की प्रोसेस मारणारा लिनक्सचा भाग) कोणाला ना कोणाला मारणारच.

हे मला कळलं ते असं. मी दारव्ह्याजवळच्या गावातून शेतमालाच्या भावाच्या एका साइटचे सर्व्हर बघतो. सोयाबीन निघालं की लिलावाच्या टायमाला जो तो मोबाईलवर भाव उघडतो, आणि आमच्या ॲपचं वेबसॉकेट (सतत उघडं राहणारं कनेक्शन) तासन्‌तास चालू राहतं. एका दिवशी सर्टिफिकेट अन् काही एसीएल (नियम) बदलायला मी तीनदा रिलोड केला, रॅम खाली यायचं नावच घेईना, शेवटी पीएस (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) मारून पाहिलं तर चार एचएप्रॉक्सी! एक नवा, तीन जुने, आणि चौघांचा कॅशे वेगळा. तेव्हापासून कॉन्फिगच्या ग्लोबल भागात हार्ड-स्टॉप-आफ्टर १० मिनिटं टाकलंय, तेवढ्यात जुनी प्रोसेस गेली नाही तर तिला काढून टाकतो. वेबसॉकेट तुटतं खरं, पण ॲप परत जोडून घेतं. तुमचं ॲप तसं करते का हे आधी बघून घ्या बाप्पा.

आता साइज. लोड बॅलन्सरच्या रॅमवर पहिला हक्क कनेक्शनचा, कॅशेचा नाही. बफर (येणारा-जाणारा डेटा तात्पुरता ठेवायची जागा) डिफॉल्टने १६ केबीचा, एका कनेक्शनला दोन धरा म्हणजे ३२ केबी, मॅक्सकॉन (एका वेळची जास्तीत जास्त कनेक्शनं) २०,००० असेल तर सगळे एकदम भरले की ६४० एमबीच्या आसपास नुसते बफर. टीएलएसचं (एन्क्रिप्शनचं) वेगळं, कर्नलच्या सॉकेट बफरचं आणखी वेगळं. मी ४ जीबीवर यासाठी २ जीबी तरी बाजूला ठेवीन, ओएसचं काढीन, आणि जे उरेल त्याचा अर्धाच कॅशेला धरीन, काऊन की रिलोडला दोन लागतात.

पण उरलंय म्हणून भरायचं असंही नाही. परत परत मागितल्या जाते ते किती आहे ते मोजा. आमच्या सगळ्या सीएसएस, जेएस, लोगो आणि भावाची पानं मिळून ४० एमबी पण नव्हते, म्हणून मी ६४ टाकले आणि तिथं दुसरा फटका बसला. मॅक्स-ऑब्जेक्ट-साइज (कॅशेत जाऊ शकणाऱ्या एका फाइलची कमाल साइज) दिली नाही तर ती कॅशेच्या २५६ व्या हिश्श्याइतकी असते, म्हणजे ६४ एमबीला फक्त २५६ केबी. आमची मुख्य जेएस फाइल ३१० केबीची, ती कधी कॅशेत जायचीच नाही, प्रत्येक वेळी मागच्या सर्व्हरवर, आणि मला वाटलं कॅशे लहान पडतोय. साइज न वाढवता मॅक्स-ऑब्जेक्ट-साइज १०४८५७६ केली, ती बाइटमध्ये लिहायची असते, आणि काम झालं. तुम्ही २ जीबी केला त्यामागं हेच असेल असं मला वाटतं. मॅक्स-एजही (माल कॅशेत जास्तीत जास्त किती वेळ चालतो ते) डिफॉल्टने ६० सेकंदच असते, भावाच्या पानाला ते बरोबर आहे, लोगोला वाढवून घ्या.

रॅम दाखवणाऱ्या फ्री कमांडमध्ये फ्रीचा कॉलम कमी दिसला म्हणून घाबरू नका, अव्हेलेबल बघा. लॉग लिहिले, फाइली वाचल्या की लिनक्स मोकळी रॅम पेज कॅशेला वापरतो आणि लागली की परत देतो.

आणि खरंच जीबीच्या जीबी फोटो कॅशे करायचे असतील तर ते लोड बॅलन्सरवर करूच नका, मागे वेगळ्या मशीनवर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर लावा. त्याच्यात माल डिस्कवर राहतो, शेअर्ड मेमरीत फक्त त्या मालाच्या 'की' (नोंदी) असतात, १ एमबीच्या कीझ-झोनमध्ये (त्या नोंदींच्या जागेत) साधारण ८,००० बसतात.

तुम्ही आत्ता २५६ एमबी करा, हार्ड-स्टॉप-आफ्टर टाका, गर्दी नसताना दोनदा रिलोड मारून पीएस बघा, आणि स्टॅट्स सॉकेटवर (चालू एचएप्रॉक्सीला कमांड द्यायची जागा) शो कॅशे मारून तुमच्या मोठ्या फाइली आत आल्या का ते बघा. नाही आल्या तर त्या फाइलींची साइज इथं टाका, बघून सांगतो.