प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन जोडीने सरकतात तेव्हा पाणी नेमके काय करते?

प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांचे जोडीने स्थलांतर होणाऱ्या अभिक्रियांत पाणी केवळ विद्रावक असते की स्वतः भाग घेते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ते बहुतेक वेळा भाग घेते, आणि त्याचे मूळ दोन्ही कणांच्या वस्तुमानात आहे. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे १८३६ पट जड आहे. त्यामुळे प्रथिनातून इलेक्ट्रॉन दहा-बारा अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार-कोटीवा भाग) अंतर टनेलिंगने, म्हणजे ऊर्जेचा अडथळा न चढता त्यातून आरपार जाऊन, पार करू शकतो, पण प्रोटॉनची एक उडी जेमतेम हायड्रोजन बंधाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचते. म्हणून इलेक्ट्रॉन दूर गेला तरी प्रोटॉन घेणारा रेणू अगदी शेजारीच असावा लागतो.

फिनॉलचे उदाहरण घ्या. त्याचा पीकेए (आम्लाची तीव्रता दाखवणारा अंक; जितका कमी, तितके आम्ल तीव्र) सुमारे १० असतो; इलेक्ट्रॉन गमावताच तो शून्याच्याही खाली जातो, म्हणजे तोच रेणू अब्जावधी पटींनी तीव्र आम्ल बनतो. दोन्ही कण एकाच पायरीत निघाले, तर इलेक्ट्रॉन गमावलेल्या रेणूचा हा ऊर्जेच्या दृष्टीने महागडा मधला टप्पा टळतो. पाणी आम्लारी (प्रोटॉन घेणारा पदार्थ) म्हणून दुबळे खरे, परंतु ते एकटे नसते: प्रोटॉन घेणारा रेणू आपला दुसरा प्रोटॉन पुढच्या रेणूला देतो आणि धनप्रभार अनेक रेणूंत विखुरला जातो. साखळीने होणाऱ्या या वहनाची कल्पना रसायनशास्त्रज्ञ ग्रोटहुस यांनी १८०६ मध्येच मांडली होती. याची किंमतही आहे, कारण प्रभार हलताना भोवतालच्या ध्रुवीय रेणूंना नव्याने वळावे लागते आणि त्यासाठी ऊर्जा खर्च होते.

वनस्पतींच्या प्रकाशप्रणाली-२ मध्ये (प्रकाशसंश्लेषणात पाण्याचे विघटन करणारा प्रथिनसमूह) तर पाणी अभिकारकही आहे आणि वाटही. दोन रेणूंपासून एक ऑक्सिजन रेणू, चार प्रोटॉन आणि चार इलेक्ट्रॉन मिळतात. २०११ साली सायनोबॅक्टेरियातील याच प्रणालीची १.९ अँगस्ट्रॉम विभेदनाची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली, तेव्हा पाण्याचे विघटन जिथे होते त्या मँगनीज-कॅल्शियम समूहाभोवतीच्या पाण्याच्या रेणूंच्या जागा स्पष्ट दिसल्या. मला त्या रचनेतले हेच सर्वांत मोलाचे वाटते.

आपण स्वतः प्रयोग करणार असाल, तर बफरकडे (द्रावणाची आम्लता स्थिर ठेवणारे मिश्रण, उदा. फॉस्फेटचे) लक्ष द्यावे. फॉस्फेट पाण्याहून सरस आम्लारी असल्याने मोजलेला वेग पाण्याचा नसून त्याचा असू शकतो. म्हणून बफरची संहती बदलून वेग पुन्हा मोजावा. जड पाण्यात (ज्यात हायड्रोजनऐवजी त्याचे जड समस्थानिक ड्युटेरियम असते) अभिक्रिया मंदावली, तर प्रोटॉनच्या सहभागाचा तो संकेत ठरतो, मात्र तिथे पीकेएही बदलतात, हे धरूनच निष्कर्ष काढावा.