कॅडमध्ये षटकोनी जाळीची नक्षी झटपट कशी काढावी: अ‍ॅरे, हॅच की कॉपी?

लेसरने कोरण्यासाठी षटकोनी जाळी काढायची आहे आणि ऑटोकॅडमध्ये अ‍ॅरे (एकच आकृती ठरावीक अंतराने रांगांत आणि स्तंभांत मांडणारी आज्ञा) वापरावा की हॅच (बंद जागा ठरावीक नक्षीने भरणारी आज्ञा), असे आपण विचारले आहे. अ‍ॅरे वापरावा. मात्र अ‍ॅरे नेमका कशाचा करावा, हे आपण विचारलेले नाही आणि खरी मेख तिथेच आहे. याच मुद्द्यावरून एका वरिष्ठ ड्राफ्ट्समनशी माझे बरेच दिवस वाजले होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

अ‍ॅक्रिलिकच्या पॅनेलवर 10 मिमी बाजूच्या षटकोनांची नक्षी कोरायची होती. त्यांनी पॉलिगॉन आज्ञेने एक षटकोन काढला, अ‍ॅरेमध्ये आडवे अंतर 17.3 टाकले आणि क्षणार्धात पॅनेल भरून दाखवले. मी म्हटले की शेजारच्या दोन षटकोनांची सामाईक बाजू अशाने दोनदा येते. त्यावर ‘शेवटी ओव्हरकिल चालवू, काय बिघडते?’ असे उत्तर मिळाले; ओव्हरकिल म्हणजे एकावर एक आलेल्या जादा रेषा पुसणारी आज्ञा. पॅनेल कोरून आले तेव्हा आतल्या सगळ्या रेषा खोल आणि करपलेल्या होत्या, फक्त कडेच्या रेषा नाजूक उमटल्या होत्या; कारण कडेची बाजू एकाच षटकोनाची असल्यामुळे लेसर तिच्यावरून एकदाच गेला होता.

ओव्हरकिल चालवूनही असे का झाले, याचे उत्तर त्या 17.3 मध्ये आहे. खरे अंतर 10 गुणिले 3 चे वर्गमूळ, म्हणजे 17.3205 भरते. 0.02 मिमीचा फरक डोळ्यांना दिसत नाही, पण ओव्हरकिलचा मूळ टॉलरन्स, म्हणजे दोन रेषा एकच मानण्यासाठी चालणारा फरक, त्याहून कितीतरी बारीक असल्यामुळे त्या आज्ञेच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या रेषाच ठरतात. शिवाय हीच तूट 50 स्तंभांत साचून जवळजवळ 1 मिमी होते. टॉलरन्स वाढवला की झाले, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या रेखाचित्रातील बारीक तपशील त्यात गडप होणार नाहीत ना, हे आधी तपासावे.

म्हणून षटकोन काढूच नये. एका बिंदूपासून 90, 210 आणि 330 अंशांवर 10 मिमीच्या तीन रेषा काढाव्यात. या तीन रेषांची एक प्रत 8.66 मिमी उजवीकडे आणि 15 मिमी वर ठेवावी, पण हे आकडे हाताने न टाकता स्नॅपने (रेषेचे टोक अचूक पकडणाऱ्या सोयीने) बिंदू पकडावेत. या जोडीचा आयताकृती अ‍ॅरे आडवा 17.3205 आणि उभा 30 मिमी अंतराने केला की प्रत्येक बाजू बरोबर एकदाच येते आणि पुसण्यासारखे काही उरतच नाही. आडव्या अंतरासाठी कॅल आज्ञेत वर्गमूळ काढता येते. सपाट पृष्ठभागावर दोन दिशांना पुनरावृत्त होणाऱ्या नक्षीच्या सममितीचे 17च प्रकार आहेत, हे रशियन स्फटिकशास्त्रज्ञ फेडोरोव्ह यांनी 1891 मध्येच सिद्ध केले होते. अशा सममितीमुळे बहुतेक नक्षींत हाती घेण्याचा मूळ तुकडा डोळ्यांना दिसतो त्याहून लहान असतो. तो शोधण्यात गेलेला वेळ वाया जातो, हे मत मला तेव्हाही मान्य नव्हते आणि आजही नाही.

हॅचबद्दल इतकेच, की त्याच्या पॅटर्न फाइलमध्ये फक्त सरळ रेषांची कुटुंबे बसतात, वर्तुळाकार कंस बसत नाहीत. कागदावर दाखवण्यापुरता तो ठीक आहे.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी: प्रत्येक षटकोन स्वतंत्र छिद्र म्हणून कापायचा असेल आणि मध्ये पत्र्याची पट्टी राहणार असेल, तर सामाईक बाजूच नसते, तिथे बंद षटकोनाचाच अ‍ॅरे करावा. त्रिमितीत मात्र स्केचमध्ये नक्षी भरण्यापेक्षा एकाच छिद्राच्या फीचरचा पॅटर्न करणे सहसा हलके पडते, आणि तो पॅटर्न फीचर ट्रीमध्ये (मॉडेल घडवणाऱ्या कृतींच्या क्रमवार यादीत) शक्य तितका शेवटी ठेवावा.